आजी झोपली आहे

काही वर्षांपूर्वी सलग १९ दिवस मी माझ्या मुलाशी खोटे बोलले. तो सैन्यात आहे, आणि त्या दिवसांत त्याची तुकडी जिथे होती तिथे लढाई चालू होती. जागा कोणती आणि तुकडी कोणती हे मी येथे लिहिणार नाही. खरे सांगायचे तर त्यातले बरेचसे मलाही ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच, की दोन-तीन दिवसांतून एकदा, कधी रात्री उशिरा तर कधी उजाडण्यापूर्वी, फोन वाजे, पलीकडून वाऱ्याचा किंवा कसल्यातरी यंत्राचा घरघराट ऐकू येई, आणि चार-पाच मिनिटांत घरची सगळी खबरबात त्याच्या कानावर घालायची असे. त्याच काळात माझ्या सासूबाई, म्हणजे त्याची आजी, गेल्या. त्या ८४ वर्षांच्या होत्या, रात्री जेवून झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत, त्यामुळे ज्याला लोक चांगले मरण म्हणतात तसेच ते होते. पण मी नोकरी करत असल्यामुळे माझ्या मुलाला खऱ्या अर्थाने त्यांनीच वाढवले होते, आणि ही बातमी त्याला फोनवर चार मिनिटांत कशी सांगायची, हे मला सुचेना.

माझ्या यजमानांचे म्हणणे होते की त्याला त्याच दिवशी सांगावे. मी नको म्हटले. तो पहाऱ्यावर उभा असेल, हातात शस्त्र असेल, मन थाऱ्यावर नसेल तर काय होईल, असे मी त्यांना विचारले, आणि या प्रश्नाला कोणत्याही बापाजवळ उत्तर नसते हे मला माहीत होते. सगळ्या नातेवाइकांना फोन करून मी बजावले की त्याला कोणी काही कळवायचे नाही. हे सगळे मी त्याच्या काळजीपोटी करते आहे असे मी सांगत होते आणि मानतही होते. त्याचे रडणे ऐकण्याचे आणि ते ऐकूनही फोन वेळेवर ठेवण्याचे बळ माझ्यात नव्हते, हे दुसरे कारण मी तेव्हा कोणालाही, स्वतःलासुद्धा, सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे विचारले, "आजीकडे दे ना फोन." मी म्हणाले, "आजी झोपली आहे रे." यानंतरच्या फोनमध्ये मला हे वाक्य उच्चारावेच लागले नाही, कारण तोच म्हणाला, "आजी झोपली असेल ना, राहू दे, उठवू नकोस." मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच्या पुढच्या फोनमध्येही त्याने तेच म्हटले आणि लगेच विचारले, "मागच्या दाराची कडी बसवली का?" ही कडी तो रजेवर आला होता तेव्हाच निखळली होती, आणि तेव्हापासून ते दार आम्ही दोरीने बांधून ठेवत होतो. पुढे प्रत्येक फोनमध्ये त्याने कडीबद्दल विचारले. सुतार कधी येणार, जुनीच कडी लावणार की नवी, चौकट कुजली आहे का, असे प्रश्न तो इतक्या बारकाईने विचारू लागला की लढाईत असलेल्या माणसाला आपल्या घराच्या कडीचे एवढे काय पडले असेल, याचे मला नवल वाटले.

एकोणिसाव्या दिवशी मला राहवले नाही आणि मी सांगून टाकले. पलीकडे काही क्षण नुसता वारा ऐकू आला. मग तो म्हणाला, "मला तिसऱ्याच दिवशी कळले होते, आई." लांबच्या एका नातेवाइकाने आजीचा फोटो आपल्या फोनवर स्टेटस म्हणून ठेवला होता आणि खाली दोन ओळी लिहिल्या होत्या, माझ्या बजावण्यातून तो एक माणूस सुटला होता. "तुला सांगवत नव्हते, म्हणून मी विचारायचे बंद केले. कडीबद्दल विचारले की तुला खरे उत्तर देता येत होते." म्हणजे आजी झोपली असेल हे वाक्य त्याने मला खोटे बोलावे लागू नये म्हणून स्वतःच्या तोंडी घेतले होते. सोळा दिवस तो आपल्या आजीसाठी एकटाच रडला असेल, आणि वर माझीच समजूत काढत होता.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. मनाला काही लागले की पुस्तकांत शिरायचे ही जुनी खोड आहे, आणि त्या फोननंतर मी तेच केले. युद्धावर गेलेल्या मुलाला आयांनी घरच्या बातम्या कशा कळवल्या, काय कळवले आणि काय गाळले, हे मला पाहायचे होते. शोधू लागल्यावर पहिली अडचण ही आली की मुलांची पत्रे सापडतात, आयांची सापडत नाहीत. कारण सरळ आहे. आईकडे पेटी असते, कपाट असते. ती पत्र जपून ठेवते, ते तिच्या मागे मुलीकडे आणि नातीकडे जाते आणि शेवटी एखाद्या संग्रहालयात पोहोचते. सैनिकाजवळ एक खिसा आणि एक पिशवी असते. पाऊस, चिखल, घाम यांनी कागद विरतो, हलवाहलवीत ओझे कमी करावे लागते, आणि शत्रूच्या हाती लागू नये म्हणून पत्रे जाळावीही लागतात. विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो मारला गेला, आणि ती तार त्याच्या आईवडिलांच्या हाती पडली ती ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्ध संपले त्याच दिवशी. त्याची पाचशेहून अधिक पत्रे आज वाचायला मिळतात आणि त्यांतली बहुतेक आईला लिहिलेली आहेत. त्या पत्रांत तो तिच्या प्रश्नांना उत्तरे देतो, पण प्रश्न विचारणारी बाई आपल्याला ऐकू येत नाही. शेजारच्या खोलीत कोणी फोनवर बोलत असावे आणि आपल्याला एकच बाजू ऐकू यावी, तसे ते वाचताना होते.

पत्रे मात्र प्रचंड संख्येने जात होती. पहिल्या महायुद्धात लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ब्रिटिश टपाल खात्याने एक अवाढव्य लाकडी इमारत उभारली होती, आणि ऐन भरात तेथून आठवड्याला सुमारे १ कोटी २० लाख पत्रे सैनिकांकडे रवाना होत. वर्गवारी करणाऱ्यांमध्ये बहुतांश बायका होत्या. फ्रान्समधल्या खंदकात पत्र साधारण दोन दिवसांत पोहोचे, आणि हे वाचून मला थोडा हेवा वाटला, कारण नेटवर्क नसले की आमचे एका ओळीचे संदेश त्याहून उशिरा पोहोचले आहेत. दुसऱ्या महायुद्धात अंतर वाढले आणि जहाजांत जागा उरेना, तेव्हा अमेरिकेने जून १९४२ मध्ये 'व्ही-मेल' सुरू केले. ठरावीक आकाराच्या कागदावर पत्र लिहायचे, त्याचे फिल्मवर छायाचित्र घ्यायचे, फिल्म विमानाने पाठवायची आणि पलीकडे तिच्यावरून छोट्या कागदावर पत्र छापून सैनिकाला द्यायचे, अशी ती पद्धत. एका पानाची दीड लाख पत्रे एरवी ३७ थैल्यांत जात आणि त्यांचे वजन २,५७५ पौंड भरे. फिल्मवर घेतली की ती एका थैलीत मावत आणि वजन ४५ पौंड होई. कागदावर ओठांच्या लालीचा ठसा उमटवून पाठवणाऱ्यांमुळे ती यंत्रे अडत असत, अशीही नोंद आहे. वजन घटले, पण मुलाच्या हाती पडे ती आईच्या अक्षराची छोटीशी छापील प्रत. तिने हात लावलेला कागद त्याच्यापर्यंत पोहोचतच नसे.

सोव्हिएत सैनिकांची पत्रे त्रिकोणी असत. पाकिटांची टंचाई होती, म्हणून लिहिलेला कागदच त्रिकोणात दुमडून त्यावर पत्ता घालत. तिकीट लागत नसे, आणि सेन्सॉरला ते सहज उघडता येई. घरच्या बायका टपालवालीच्या हातात आधी त्रिकोण शोधत. त्रिकोण म्हणजे मुलाचे स्वतःचे अक्षर. मरणाची सूचना सरकारी कागदावर येई.

त्या काळातला आणखी एक कागद पाहून मी थबकले. ब्रिटिश सैनिकांना पहिल्या महायुद्धात एक छापील कार्ड मिळे. 'मी अगदी बरा आहे', 'मला रुग्णालयात दाखल केले आहे', 'तुमचे पत्र मिळाले', 'बऱ्याच दिवसांत तुमचे पत्र नाही', अशी वाक्ये त्यावर आधीच छापलेली असत. नको ती खोडायची, खाली सही आणि तारीख घालायची. याखेरीज एक अक्षर जरी लिहिले तरी कार्ड नष्ट केले जाईल, असा इशारा वरच छापलेला असे. हे कार्ड घरी आले की आई त्यावरची खोडलेली आणि न खोडलेली वाक्ये वाचत बसत असणार, आणि रेघ जोरात मारली आहे की हलक्या हाताने, एवढ्यावरूनही ती काहीतरी ताडत असणार. मुलाने काय सांगावे यावर असा पहारा होता, तर घरून काय लिहावे यावरही दडपण होतेच. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत नाकेबंदीमुळे आणि पीक बुडाल्यामुळे उपासमार झाली, तेव्हा आया आणि बायका आघाडीवरच्या आपल्या माणसांना खरे तेच लिहू लागल्या: घरात खायला नाही, जळण नाही, मुले वाळली. या पत्रांना 'यामरब्रीफं', म्हणजे रडगाण्याची पत्रे, असे नाव पडले आणि ती लिहू नयेत म्हणून बायकांना वरून समजावले जाऊ लागले, कारण अशा पत्रांनी सैनिकाचे लढण्यावरून मन उडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही नियतकालिके आणि सरकारी प्रचार बायकांना हाच उपदेश करत होते: आनंदी पत्रे लिहा, कटकटी लिहू नका.

हे वाचताना मला प्रथम राग आला आणि मग लाज वाटली. राग अशासाठी, की उपाशी बाईने आपल्या मुलालाही उपाशी आहे असे सांगू नये, ही अपेक्षा निर्दय आहे. लाज अशासाठी, की मला कोणत्याही सरकारने काहीही सांगितले नव्हते. मी स्वतःच सेन्सॉर झाले होते आणि सगळ्या गोतावळ्याला कामाला लावले होते.

आईचा आवाज शोधता शोधता तो मला सापडला तो सेन्सॉरच्याच दप्तरात. १९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्समध्ये उतरले, तेव्हा त्यांच्या टपालावर लक्ष ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी वेगळे कार्यालय थाटले. तेथे पत्रे उघडून त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित केले जात आणि अहवालाला जोडले जात. आज ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बहुसंख्य सैनिकांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांच्या घरच्यांनाही. म्हणून इकडे कोणीतरी लिहून देई, तिकडे कोणीतरी वाचून दाखवी, आणि मध्ये सेन्सॉरचा माणूस तिसरा वाचक असे. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. घरून गेलेल्या काही पत्रांतले शब्द उरले ते केवळ या पाळतीमुळे, तेही परक्या भाषेत. आपल्या मुलाला काही सांगायचे तर आधी गावातल्या लिहिणाऱ्याला सांगायचे, त्याने ते आपल्या ठराविक भाषेत बसवायचे, आणि तिकडे चार जण ऐकत असताना ते मुलाला वाचून दाखवायचे, या प्रवासात 'तुझी फार आठवण येते' हे वाक्य कितीसे टिकत असेल? तरीही त्या पत्रांतून लग्ने कळत, जन्म-मृत्यू कळत, जमिनीचे तंटे कळत, जनावर विकल्याचे कळत. असे उतारे वाचताना मला सारखी आमची कडी आठवत होती.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळचा वाटला तो एक कायदा. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे २५ वे कलम सांगते की युद्धात सापडलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे कुटुंबीय कोठेही असले तरी, त्यांना निव्वळ वैयक्तिक स्वरूपाच्या बातम्या कळवता आल्या पाहिजेत आणि त्यांच्याकडून मिळवता आल्या पाहिजेत, आणि हा पत्रव्यवहार विनाविलंब पोहोचवला पाहिजे. हा करार युद्धातल्या नागरिकांसाठी आहे. युद्धकैद्यांसाठी तिसऱ्या करारात वेगळी तरतूद आहे; कैद्याच्या पत्रांवर मर्यादा घालायचीच तर महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे तरी त्याला धाडू दिली पाहिजेत, असे तो करार म्हणतो. पण मला भुरळ पडली ती २५ व्या कलमाच्या शेवटाची. पत्रव्यवहारावर निर्बंध घालणे सरकारांना आवश्यक वाटलेच, तर ते निर्बंध एवढेच असावेत: छापील नमुना, त्यात स्वतःच्या मर्जीने निवडलेले २५ शब्द, आणि महिन्याला असा एक नमुना. याच्या खाली जाता येत नाही.

ही २५ शब्दांची पद्धत दुसऱ्या महायुद्धातून आली. टपाल बंद पडलेल्या देशांमधून रेड क्रॉस असे नमुने गोळा करी, ते जिनिव्हामार्गे पलीकडच्या घरी जात, आणि उत्तर बहुधा त्याच कागदाच्या मागच्या बाजूवर येई. युद्धाच्या वर्षांत नागरिकांचे असे दोन कोटींहून अधिक संदेश पोहोचवले गेले. राजकारण नाही, लष्करी माहिती नाही, हवामानसुद्धा नाही, फक्त घर. संदेश उघडाच जाई आणि वाटेत कितीतरी जण तो वाचत. रेड क्रॉसचे संदेश आजही आहेत, आणि जिथे फोन आणि टपाल दोन्ही बंद पडतात तिथे ते अजून हातोहात पोहोचवले जातात.

मी एक दुपार या २५ शब्दांना दिली. त्या १९ दिवसांत मला असा एकच कागद मिळाला असता तर मी काय लिहिले असते, हे मला पाहायचे होते. पहिला खर्डा ६१ शब्दांचा झाला आणि त्यातले निम्मे शब्द 'काळजी करू नकोस', 'स्वतःला जप', 'वेळेवर खा', 'आमची चिंता करू नकोस' असले होते. ते काढले. आपली भाषा येथे मदतीला येते, कारण आपले विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'ताईला' हा एक शब्द, 'घरात' हा एक शब्द, त्यामुळे मराठी आईला २५ शब्दांत इतर काही भाषांतल्या आयांपेक्षा जरा जास्त ऐवज भरता येईल, असे मला वाटले. शेवटी उरले ते असे:

'आजी गेली, झोपेत, शांतपणे. बाबा बरे आहेत. ताईला मुलगी झाली. तुझी खोली तशीच आहे. कडी अजून बसवली नाही. तुझी पत्रे मिळतात. उशीर झाला तरी लिही.'

मोजून २५ शब्द आहेत. खाली 'आई' लिहिले तर सव्वीस होतात. तो शब्द जमेत धरायचा की नाही यावर मी आणि यजमान अर्धा तास वाद घालत बसलो; ते म्हणाले की पाठवणाऱ्याच्या नावाला वेगळा रकाना असणारच, मी म्हणाले की त्या रकान्यात माझे नाव लिहावे लागेल, आणि माझ्या नावाने तो मला ओळखत नाही. गंमत अशी की हा खर्डा करताना आजीची बातमी मी सर्वांत आधी लिहिली. चार मिनिटांच्या फोनमध्ये जिला १९ दिवस जागा सापडली नव्हती, तिला २५ शब्दांत पहिल्याच ओळीत जागा मिळाली. बोलताना आवाजामागे लपता येते. लिहिताना तशी सोय नसते, असे मला त्या दुपारी वाटले; पण हे मी निवृत्तीनंतर, मुलगा सुखरूप असताना, टेबलाशी बसून लिहीत होते, हेही खरे.

व्हिएतनाम युद्धातले फोन मात्र निराळे होते, आणि ते वाचून मी बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसले. तेव्हा हौशी रेडिओचालकांच्या मदतीने सैनिकांचे घरी बोलणे जोडून दिले जाई. एका वेळी एकालाच बोलता येई, म्हणून वाक्य संपले की 'ओव्हर' म्हणायचे, मग चालक कळ फिरवणार आणि समोरच्याला बोलता येणार. आई म्हणणार, माझा जीव तुझ्यात अडकला आहे, ओव्हर. पोरगा म्हणणार, माझाही, ओव्हर. आणि मधला अनोळखी चालक सगळे ऐकत बसलेला. मला मात्र ती पद्धत सोयीची वाटली. आपले बोलणे संपल्याशिवाय दुसऱ्याला तोडता येत नाही, आणि 'ओव्हर' म्हटल्याशिवाय आपली सुटकाही नाही.

पत्र पोहोचलेच नाही तर काय, हा प्रश्नही त्या काळी रोजचाच होता. १९४५ च्या फेब्रुवारीत ६८८८ व्या केंद्रीय टपाल बटालियनच्या, बहुतांश कृष्णवर्णीय असलेल्या अमेरिकन महिला सैनिक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोहोचल्या, तेव्हा तेथे सुमारे १ कोटी ७० लाख पत्रे आणि पार्सले तुंबलेली होती. सुमारे ८५५ बायकांच्या या बटालियनच्या प्रमुख होत्या मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स. सहा महिने लागतील असा अंदाज असलेले काम त्यांनी रात्रंदिवस तीन पाळ्या लावून तीन महिन्यांत संपवले. रॉबर्ट स्मिथ या एकाच नावाचे सुमारे ७,५०० सैनिक त्यांच्या कार्डांवर होते. ज्यांचा माणूस आता राहिला नव्हता, ती पत्रे त्यांना परत पाठवावी लागत. मी हा तपशील वाचला आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही. एखाद्या आईने तिकडे कोणाचे लग्न ठरले, कोणाला नोकरी लागली, हे लिहिलेले असणार, आणि ते सगळे तिच्याच अक्षरात, न फोडलेले, तिच्याच दारात परत येणार.

आता कागद राहिले नाहीत. आता आमच्याकडे बरोबरची एक खूण आणि दोन खुणा आहेत. एक खूण म्हणजे संदेश निघाला, दोन म्हणजे पोहोचला, आणि त्या निळ्या झाल्या म्हणजे त्याने वाचला. ज्या दिवशी तो फोन बंद ठेवतो त्या दिवशी मी त्या एका खुणेकडे किती वेळा बघते हे येथे लिहिण्यासारखे नाही. फोन बंद ठेवण्यामागे कारण असते हेही मी आता शिकले आहे. १ जानेवारी २०२३ रोजी, नवे वर्ष लागून काही मिनिटेच झाली असताना, रशियाच्या ताब्यातल्या पूर्व युक्रेनमधल्या माकिइव्का येथे रशियन सैनिकांच्या मुक्कामावर युक्रेनची रॉकेटे पडली. ८९ जण ठार झाल्याचे रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितले आणि बंदी असताना सैनिकांनी मोठ्या प्रमाणात मोबाईल वापरले हे त्याचे मुख्य कारण असल्याचे म्हटले. दोष कोणाचा यावर तेव्हा बराच वाद झाला आणि त्यात मला पडायचे नाही. मी एवढेच केले की ती बातमी वाचल्यापासून मुलाला 'फोन का नाही केलास' असे विचारणे बंद केले.

पण फोनने एक गोष्ट कायमची पालटली आहे, आणि माझ्या १९ दिवसांचा घोटाळा तिच्यातच आहे. पूर्वी आईने गाळलेली बातमी मुलाला कळण्याचे मार्ग थोडे होते. गावचा दुसरा कोणी त्याच पलटणीत असला आणि त्याला घरून पत्र आले, तर कळे. नाहीतर रजेवर येईपर्यंत झाकली मूठ राही. आता लांबच्या नातेवाइकाचे स्टेटस माझ्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचते. तेव्हा सांगावे की नाही, एवढाच प्रश्न उरलेला नाही; आपल्या तोंडून कळावे की परक्याच्या, हाही प्रश्न आहे. जगातल्या काही सैन्यांनी हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत घरात मृत्यू, गंभीर आजार किंवा जन्म झाला तर कुटुंब रेड क्रॉसला कळवते, रेड क्रॉस डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात त्याची खात्री करून घेते, आणि मग ती बातमी सैनिकाच्या वरिष्ठांकडे जाते. म्हणजे ती ऐकताना त्याच्याजवळ कोणीतरी माणूस असण्याची शक्यता तरी असते. माझ्या मुलाने ती स्टेटसवर वाचली तेव्हा तो कोणाबरोबर होता, हे मी अजून त्याला विचारलेले नाही.

तो रजेवर आल्यावर आम्ही दोघे बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. ठरवल्या म्हणजे त्याने सांगितल्या आणि मी मान हलवली. कोणी गेले किंवा कोणाला रुग्णालयात ठेवले, तर त्याला त्याच दिवशी कळवायचे. फोन लागला नाही तर संदेश लिहून ठेवायचा, पण पहिल्या शब्दात कोण ते आले पाहिजे, 'एक वाईट बातमी आहे' अशी सुरुवात करायची नाही, कारण ते चार शब्द वाचून नेटवर्क गेले तर माणूस रात्रभर घरातला एकेक जण मनात मोजत बसतो. पैशाच्या अडचणी, भाऊबंदकी, शेजाऱ्यांशी झालेली बोलाचाली हे सगळे सांगायचे, पण त्यावर त्याचा सल्ला मागायचा नाही. आणि 'सगळे ठीक आहे' हे वाक्य वापरायचे नाही. मी विचारले, खरोखरच सगळे ठीक असेल तर? तो म्हणाला, "तर काय काय ठीक आहे ते एकेक सांग."

हे शेवटचे कलम पाळणे मला सर्वांत जड गेले. एकेक सांगायचे तर घरात एकेक बघावे लागते. बाबांचा गुडघा आज कसा आहे, भाची पालथी पडू लागली का, आजीची खोली कोणी वापरते का, तिचा चष्मा कुठे ठेवला. चष्म्याबद्दल त्याने दोनदा विचारले. तो तिच्या उशाशी होता तिथेच आहे, असे मी सांगितले, आणि ते खरे आहे.

या महिन्यात तो पुन्हा तिकडे गेला आहे. परवा रात्री त्याचा संदेश आला, नेहमीसारखाच तुटक: पोहोचलो, थंडी आहे, कडीचे काय झाले. मी लिहिले की सुतार सोमवारी येतो म्हणाला होता आणि आला नाही, दोरी जुनी झाली म्हणून बाबांनी नवी बांधली आहे, तीही सैल बसली आहे, वाऱ्याने रात्रभर दार वाजते. सकाळी बघितले तेव्हा खूण एकच होती. दुपारी दोन झाल्या.